सरकीच्या पोत्यावर बसून पाहिलेली कानबाई

"पडद्यावर चालेल रे. सतरंजीवर नको."

वखारीचे मालक नाना बोलत होते. पडद्याच्या पुढच्या बाजूला. मी मागच्या बाजूला स्टुलावर उभी राहून पडद्याची कड सुतळीने बांधत होते. दोन धोतरं जोडून शिवलेला पडदा. त्यातून शब्द आरपार येतो.

भाऊ काहीतरी पुटपुटले. मग नाना हसत म्हणाले, "अरे, घरच्या बायका यायच्यात. हातात कुंकवाची ताटं असतील. तिला मागं बसव की! तिकडून काय दिसत नाही?"

मी सुतळीची गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली.

थोड्या वेळाने भाऊ मागे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस्साहेब, पुढं फार गर्दी होईल. तुम्ही इथंच बसा. मशीनचा खडखडाटही कमी इकडं."

"हो," मी म्हणाले. मला 'हो' म्हणायची सवय होती.

त्यांनी स्टूल धरलं, मी उतरले. त्यांच्या बोटांना पिकल्या केळ्यांचा वास येत होता. फिल्म सांधायच्या औषधाला तसाच वास असतो. वाटलं, कुठे तुटली असेल, सांधली असेल.

भाऊंचं जळगावात फोटोचं दुकान होतं. घराणं शिंप्याचं. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर, लोकांच्या जखमा बांधणारे. आजोबा धरणगावजवळच्या एका गावच्या महारवाड्यातून उठून मिशनमध्ये आलेले. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीत शिकले आणि तिथेच लहान मुलांना शिकवू लागले. भाऊंनी मुंबईहून एक जुना कॅमेरा आणला. हाताने फिरवायचा. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. ती वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं. मिस्साहेब म्हणून चिडवायला लागले ते तेव्हापासून.

कानबाईवर हलतं चित्र काढायचं त्यांच्या मनात होतं. खानदेशातली देवी, श्रावणात घरोघर बसते. पण चांगल्या घरातली एकही बाई तोंड रंगवून उन्हात उभी राहायला तयार होईना. दोन महिने शोधलं. मग एक दिवस भाऊ बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी लाजाळू. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण चित्र मुकं होतं. कॅमेऱ्यासमोर मला बोलावं लागणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे मला जमेल.

वडिलांनी एकच विचारलं. "तू देवी होणार? मग प्रार्थनेला कुठल्या तोंडाने बसशील?" त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. आई पान वाढून निघून जायची.

तरी मी गेले. रोज शाळा सुटली की गेले.

ढग हवे होते. नानांनी त्यांच्या जिनातला, सरकी काढलेला कापूस दिला. दोरीला कापूस टांगून आम्ही आकाश केलं. त्यातून कानबाई खाली उतरते. कापसाचे तंतू नाकात जायचे आणि शिंकायची सोय नाही. मुंबईहून उरलेसुरले तुकडे आणून आम्ही फिल्म भागवत होतो. एक शिंक म्हणजे एक तुकडा गेला. मी श्वास कोंडून उतरायचे. बाजूला गेले की डोळ्यांतून पाणी वाहायचं. भाऊ म्हणायचे, "कानबाई रडली बरं का! आता पाऊस पडतो."

मे महिन्यात फिल्म धुतली. पाणी इतकं तापलेलं, की चित्रच विरघळलं. माझा चेहरा काचेवरून ओघळावा तसा पट्टीवरून खाली वाहून गेला. भाऊ घंगाळापाशी बसून राहिले. मी पट्ट्या उचलून दोरीवर वाळत घातल्या. कोऱ्या पट्ट्या. जूनमध्ये सगळं पुन्हा काढलं.

मुक्या चित्रात मधेमधे दाखवायच्या पाट्या मी लिहिल्या. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने, वर मराठी, खाली इंग्रजी. शेवटच्या पाटीवर मी फक्त 'कानबाई' लिहिलं. भाऊ म्हणाले, "आणि नाव? नावाशिवाय कसं? तुम्ही नसता तर हे चित्र नसतं, मिस्साहेब." मी माझं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर थोडं वाकडं आलं. सांधताना ती पट्टी मी कितीदा तरी उजेडात धरून पाहिली. सुलटी, उलटी, दोन्ही बाजूंनी.

दिवेलागणीला नानांच्या जिनाची रिकामी वखार भरली. इंजिन सुरू झालं. पहिल्या रांगेत नाना आणि त्यांच्या शेजारी धुळ्याच्या थिएटरचे मालक. नानांच्या शब्दाखातर ते आले होते. आवडलं तर चित्र धुळ्याला लागणार होतं. आमची तेवढीच आशा होती.

मी मागे, सरकीच्या पोत्यावर.

माझीच अक्षरं मला उलटी दिसत होती. मला ती वाचता येत होती. पुढे शाळामास्तर त्या पाट्या मोठ्याने वाचत होते. कानबाई कापसाच्या ढगांतून उतरली. पुढून एकदम गलका उठला.

"उनी व माय, कानबाई उनी!"

बांगड्यांचा आवाज आला. बायका उठून पडद्यापाशी आल्या. नारळ फुटला. कुणीतरी ओलं कुंकू कापडाला लावलं. माझ्या पायांना. चित्रातल्या पायांना. कापड पातळ. कुंकवाचे पाच ठिपके माझ्या बाजूला उमटले. त्यामागे तिची बोटं दिसत होती. मी हात पुढे केला. मध्ये फक्त धोतर होतं. मी हात मागे घेतला.

माझी आजी कानबाईची गाणी म्हणायची. पाटलाच्या ओसरीबाहेर उभं राहून शिकलेली. ओसरीवर तिला कधी कुणी घेतलं नाही. गाणी मात्र तिला सगळी पाठ होती.

शेवटची पाटी आली. मी पोत्यावर ताठ बसले.

अक्षराचं वळण माझं नव्हतं.

'कानबाई', आणि खाली एक गोड नाव. आडनाव पुण्याकडचं. माझं वाकडं अक्षर कुठेच नव्हतं. मला केळ्यांचा वास आठवला. काही तुटलं नव्हतं. भाऊंनी स्वतःच्या हाताने कापलं होतं. दुपारी. आणि मग येऊन माझं स्टूल धरलं होतं.

दिवे लागले. एक म्हातारी पुढे विचारत होती, "व माय, हाई कानबाई कोनी पोर शे?"

"पुण्याची आहे, अक्का," नाना म्हणाले. "चांगल्या घरची. काय भाऊ?"

भाऊ मशीनपाशी होते. मी वाट पाहिली. सगळं विसरायची माझी तयारी होती. सतरंजी, पोतं, ती पाटीसुद्धा. ते नुसते गप्प राहिले असते तरी मी मागच्या दाराने घरी गेले असते आणि सोमवारी मुलांना पाढे शिकवले असते.

"हो," भाऊ म्हणाले. "पुण्याची."

थिएटरचे मालक म्हणाले, "मग बोर्डावर तसंच लिहू."

मी उठले. मला कळत होतं, आता बोलले तर चित्र धुळ्याला लागणार नाही. कुठेच लागणार नाही. दोनदा काढलेलं चित्र. दीड महिन्याचा वडिलांचा अबोला. सगळं या वखारीतच संपेल. न बोलले तर ते गावोगाव फिरेल, बायका माझ्या पायांना कुंकू लावतील, आणि माझ्या चेहऱ्याखाली दुसरीचं नाव असेल. मला दोन्ही स्वच्छ दिसलं. मी कुंकवाच्या ठिपक्यांशेजारी तोंड नेलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा होता.

"अक्का, ती पुण्याची नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या ड्रेसरची मुलगी आहे. आजोबा महारवाड्यातले. कानबाई मी झाले होते. मला इथे मागे बसवलंय. थांबा, मी पुढे येतेय."