बोरीतला रविवारचा तास

आठवडाभर जिंतूरच्या शाळेत चित्रकलेचे तास घ्यायचे. शिवाय जो रजेवर जाईल त्याचे तासही माझ्याच गळ्यात पडायचे. शनिवारपर्यंत आवाज पार बसलेला असायचा. तरी रविवारी सकाळी मी बोरीची बस धरायचे, कारण एका आईला मी हो म्हणून बसले होते.

ती पूर्वी आमच्याच शाळेत शिकवायची. तिची मोठी मुलगी घरात धडाधड बोलायची, पण बाहेरच्या माणसासमोर तिच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही. वर्गात एकदा तिला बोलतं करायचं म्हणून बाकावर उभं केलं गेलं, सगळ्यांदेखत. त्यानंतर आईने तिला शाळेत पाठवलं नाही. नोकरी सोडली आणि दोन्ही मुलींना घरीच शिकवू लागली. शेजारपाजारचे विचारायचे, "स्वतः मास्तरीण असून लेकरं घरी कामून बसवलीत?" भाषा, गणित ती बघायची. चित्रकला माझ्याकडे.

हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली सतरंजी टाकलेली असायची. धाकटी बडबडी, तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले. मोठी मात्र मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात तुरीच्या दाण्याएवढं घर काढायची आणि थांबायची. मी गोष्टी सांगितल्या, ठसे करून घेतले, अंगणातल्या मातीत रेघोट्या ओढायला लावल्या. घर तेवढंच राहिलं. शेवटी माझ्याच्याने होईना, म्हणून मी आग्रह सोडला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, परीक्षेचे पेपर तपासून डोळे चुरचुरत असतानाच मी एका रविवारी गेले. मुलींना रंग काढून दिले, कूलरसमोर भिंतीला टेकले आणि चक्क झोपले.

जाग आली ती एका अनोळखी आवाजाने.

"हळू बोल. बाई झोपल्यात."

"तू दे ना मग ब्रश," धाकटी कुजबुजली.

"लय पाणी नको घेऊ. कागद फुगतो. आधी पिवळा लाव, वाळू दे, मग हिरवा. बाईंनी सांगितलं नव्हतं का?"

मी डोळे उघडले नाहीत. मान अवघडली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी तशीच बसून राहिले. ती बहिणीला रागावत होती, हसत होती, माझीच वाक्यं माझ्यापेक्षा नीट सांगत होती. धाकटीच्या हातून पाण्याचा डबा कलंडला तेव्हा मला हलावंच लागलं. मोठीने मान खाली घातली. तिच्यापुढच्या कागदावर काठापासून काठापर्यंत हळदीचं शेत पसरलं होतं.

निघताना मी आईला दारात सगळं सांगितलं. ती चपलांशेजारी पायरीवर बसली.

"मॅडम, मग आता शाळेत घालू का तिला? मीबी थकले हो. सकाळी उठल्यापासून आई मीच, बाई मीच. लोकांचं ऐकून घ्यायचं ते वेगळंच."

मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. "मला खरंच कळत नाही, ताई," म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले. माझी बस निघून गेली. तिने पुन्हा चहा टाकला. आम्ही दोघी तो पायरीवरच प्यायलो.

पुढच्या रविवारी मोठी परत गप्प होती.

जूनमध्ये धाकटी स्वतःच हट्ट करून गावच्या शाळेत गेली. मोठी घरीच राहिली. आता तास तिच्या एकटीचा असतो. कागद पुरत नाही म्हणून आम्ही दोन चिकटवून घेतो. परवा ती अगदी हळू, कागदाकडे बघतच म्हणाली, "निळा संपायलाय."

मी मुद्दाम मान वर केली नाही. "आणते," म्हणाले आणि जिंतूरला उतरल्यावर घरी न जाता आधी दुकान गाठलं. ते बंद होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर पुन्हा गेले.