शेवट सांगायचा नाही

सध्या मी एक गेम खेळतोय, त्यात बेटाबेटांवर बंद पडलेल्या बोटी दुरुस्त करायच्या असतात. गेम बरा आहे. इंजिनांचे आवाज छान केलेत, पाणी मात्र खोटं वाटतं, आणि तिसऱ्या बेटावरचा म्हातारा नको इतका बोलतो. हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं, पण सांगायला आता कोणी उरलेलं नाही. बायकोला सांगितलं तर ती "हो का" म्हणते, आणि तिचा "हो का" मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कळतो. वय त्रेचाळीस, काम मुलुंडच्या क्लासमध्ये दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवायचं. अशा माणसाने क्रिकेटवर तासभर बोललं तर चालतं, गेमवर पाच मिनिटं बोलला की लोक कीव केल्यासारखे बघतात. बघोत.

ज्याला मी हे सगळं सांगायचो तो माझा लहानपणापासूनचा मित्र. आमचे वडील विक्रोळीतल्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत होते आणि कंपनीच्या वसाहतीत आमची घरं एका जिन्यावर होती. आम्ही चौथीत असताना त्याच्या काकांनी टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला. त्यातला दुसरा रिमोट आल्यापासूनच बिघडलेला होता, त्यामुळे एकाने खेळायचं आणि बाकीच्या पाच-सहा जणांनी मागे बसून बघायचं. मागे बसलेल्यांतला कोणी ना कोणी आधी पुढे जाऊन आलेला असायचा आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. "आता वरून दगड पडणार," "त्या दारात जाऊ नको, तिकडे राक्षस आहे." एकदा त्यावरून मारामारी झाली, एकाचा दात हलला, आणि मग माझ्या मित्राने कायदा केला. पुढचं सांगायचं नाही. जो सांगेल त्याला आठवडाभर रिमोटला हात लावायचा नाही.

बाकीची पोरं मोठी झाली, गेम सोडून शहाणी झाली. आम्ही दोघं नाही झालो. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मी मुलुंडला आलो, तो विक्रोळीतच राहिला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. "काय खेळतोयस सध्या?" मग अर्धा तास तेच. कोणता गेम उगाच ताणलाय, कशातली मारामारी झकास आहे, कशातलं गाव बघून गावची आठवण आली. त्याचं गाव मालवणजवळचं, त्यामुळे गेममध्ये कुठेही समुद्र आला की तो नापास करायचा. कायदा मात्र दोघांनीही पाळला. एकाचा गेम आधी संपला तरी शेवट सांगायचा नाही. "चांगला आहे" किंवा "माती खाल्ली आहे," एवढंच बोलायचं.

चाळिशीच्या तोंडावर त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी होतं, ते त्याने अंगावर काढलं. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं, मंगळवार, गुरुवार, शनिवार, घाटकोपरला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वहिनींना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी चालेना. मेंदूमृत माणसाची किडनी मिळते त्या यादीत नाव घातलं आणि वाट बघणं सुरू झालं. माझा क्लास चारनंतर असतो, म्हणून मंगळवारी आणि शनिवारी मी तिथे जाऊन बसायला लागलो.

त्या खोलीबद्दल काय सांगू. आठ खाटा, आठ मशीन, एसी इतका की सगळे घरून गोधड्या घेऊन यायचे. आधी वजन करायचं, मग डाव्या हातात दोन जाड सुया, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. म्हणजे माझ्या मित्राला रिमोट धरता येईना. घरी यायचा तेव्हा पिळून काढल्यासारखा झोपायचा, दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचा की तिसऱ्या दिवशी परत मशीन. उजव्या अंगठ्याने फोनवर लुडो खेळायचा आणि स्वतःलाच शिव्या घालायचा.

त्याच सुमारास तो मिठाचा गेम आला. एक म्हातारा मीठ विकणारा, त्याचं एक खेचर, आणि बर्फाचा घाट. घाटापलीकडे त्याची थोरली बहीण दिलेली असते आणि तिला मीठ पोचवायचं असतं. बस, एवढंच. पण पाऊस आला की गोणीतलं मीठ विरघळतं, जास्त लादलं की खेचर खाली बसतं आणि काही केल्या उठत नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी डिस्क मागवली. मी त्याच संध्याकाळी लावली. त्याने त्याच्या डिस्कचं प्लास्टिकसुद्धा फोडलं नाही, कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"किडनी आली की फोडणार," तो म्हणाला. "असा अर्धामुर्धा नाही खेळणार हा. दोन हातांनी खेळणार."

मग दर मंगळवारी आणि शनिवारी मी त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून गेम सांगायचो. आज घाटात कुठवर गेलो, कुठे वाट चुकलो, खेचर कसं रुसलं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच प्रश्न विचारायचा. "बर्फावर खुरांचा आवाज कसा केलाय? नुसता खचखच की वेगळा?" त्याला मीठ बंद होतं आणि पाणी दिवसाला दोन पेले.

"मला मेल्या मीठ बंद, आणि तू गोणीच्या गोणी घेऊन फिरतोयस," तो म्हणायचा. टेक्निशियन मुलगी हसायची.

आणि मी निघताना तो न चुकता म्हणायचा, "शेवट काय तो सांग, मेल्या."

मी म्हणायचो, "गप रे. स्वतः खेळ आणि बघ."

त्यावर तो खूष होऊन हसायचा. पहिल्यांदा गंमत होती, मग ती सवय झाली. एखाद्या दिवशी बीपी उतरून त्याला बोलवतही नसे, तरी तेवढं म्हणायचा आणि मी तेवढं उत्तर द्यायचो. त्या उत्तरासाठी तो विचारतो, हे माझ्या गणिती डोक्यात कधी शिरलंच नाही. मला वाटायचं, त्याला खरंच उत्सुकता आहे.

असं वर्षभर चाललं. माझा गेम कधीच संपला होता, मी परत पहिल्यापासून लावला होता, त्याला सांगता यावं म्हणून. मग त्याला न्यूमोनिया झाला, पंधरा दिवस इस्पितळात काढले, आणि तो मशीनवर परत आला तेव्हा गालफडं बसली होती. त्या मंगळवारी मी पोचलो तर वहिनी जिन्याखाली माझी वाट बघत उभ्या होत्या.

"भाऊजी, वर जायच्या आधी ऐका," त्या म्हणाल्या. "हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही. यादीतून नाव काढायला सांगितलंय."

मी विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही, आणि कळूही द्यायचं नाही. किडनी येणार म्हणून हे इथे येतात. ते कळलं तर मशीनवर यायचे नाहीत, मी ओळखते ना ह्यांना." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पदराने मान पुसली. "तुम्ही नेहमीसारखे बोला. एवढं करा."

मी हो म्हणालो आणि वर गेलो. मी खरंच नेहमीसारखं बोललो. खेचर, घाट, तंबूतला स्टोव्ह, सगळं. तो गोधडीतून ऐकत होता. पण त्याच्याकडे बघताना कपाटातल्या त्या न फोडलेल्या डिस्कचाच विचार सारखा येत होता. हा आता ती कधीच लावणार नाही. वर्षभर मी ह्याला अर्धीच गोष्ट सांगतोय. सव्वातीन वाजले, मी उठलो.

"शेवट काय तो सांग, मेल्या," तो म्हणाला.

आणि मी परत खाली बसलो आणि सांगितला.

मला त्याची कीव आली होती, दुसरं काही नाही. वाटलं, निदान एवढं तरी ह्याला मिळू दे. मी सांगितलं की म्हातारा पलीकडे पोचतो तेव्हा गोणीत ओंजळभर मीठ उरलेलं असतं. बहीण दारातच उभी असते, तीही म्हातारी झालेली. ती एवढंच म्हणते, "उशीर केलास." मग त्याला आत नेते. शेवटी आपण खेचराला फाटकाबाहेर न्यायचं आणि त्याचा दोर सोडायचा. ते गेम आपोआप करत नाही, आपल्याला करावं लागतं.

त्याने डोळे उघडले होते. तो माझ्याकडे बघत होता.

"बटण कुठलं?" त्याने विचारलं.

"चौकोन."

"नुसतं दाबायचं?"

"दाबून धरायचं. पाच सेकंद. मधे सोडलं की परत पहिल्यापासून."

त्याने उजवा अंगठा गोधडीवर टेकवला आणि दाबून धरला. मी मनात पाच मोजले. त्याने अंगठा त्यानंतरही बराच वेळ उचलला नाही.

"चांगला आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "उशीर होईल तुला. क्लास आहे ना?"

मी जिना उतरलो. वहिनी खाली चहाच्या टपरीजवळ होत्या, मी त्यांना लांबूनच हात केला. मेट्रोच्या पुलाखाली आल्यावर मला कळलं मी काय करून बसलो ते. भिंतीला टेकून उभा राहिलो. चौथीपासून जो कायदा मी एकदाही मोडला नव्हता, तो त्याच दिवशी मोडला होता. तू हा गेम खेळणार नाहीस, हे मी त्याला तोंडाने सांगून आलो होतो. डॉक्टरने लपवलं, वहिनींनी लपवलं, आणि मी, शहाण्याने, स्टुलावर बसून बटणासकट सांगितलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. मला त्या दिवशी स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो मशीनवर गेला नाही. कंटाळा आला म्हणाला. वहिनी रडल्या, भांडल्या, मला फोन करून "तुम्ही तरी समजवा" म्हणाल्या. मी समजावलं. तो "हो रे" म्हणाला आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेला नाही. मंगळवारी आणि शनिवारी मात्र यायचा, म्हणजे मी असायचो त्या दिवशी. अंगात पाणी साठायला लागलं, पाय सुजले, उशा रचून बसल्याशिवाय श्वास घेता येईना. मी दुसरा गेम सुरू केला होता, एका वेड्यावाकड्या कारखान्याचा. मुद्दामच मोठा निवडला होता, लवकर न संपणारा. तो सगळं ऐकायचा, प्रश्न विचारायचा, नावं ठेवायचा. निघताना म्हणायचा, "चल, ये परत." बास.

सातव्या आठवड्यात, शनिवारी, मला राहवलं नाही. पिशवी उचलली, दोन पावलं गेलो आणि परत फिरलो.

"विचार ना," मी म्हणालो.

"काय?"

"शेवट. विचार ना रे."

तो हसला. पूर्वीसारखा नाही, पण हसला. "कशाला?" तो म्हणाला. "तू सांगशील."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी तो गेला.

तेराव्याला मी विक्रोळीला गेलो. जेवणं झाल्यावर वहिनींनी कपाटातून ती डिस्क काढून माझ्या हातात दिली. प्लास्टिक तसंच होतं, कोपऱ्यावर धूळ बसली होती.

"त्यांना कळलं होतं हो," त्या म्हणाल्या. "यादीचं. एक दिवस मला म्हणाले, उगाच लपवू नकोस, मला कळलंय. कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणे डॉक्टरच्या तोंडावरून ओळखलं. त्या दिवसापासून गुरुवार सोडले त्यांनी."

कोणाकडून कळलं ते मला माहीत होतं. बोलायला हवं होतं. आजपर्यंत बोललेलो नाही.

"काय आहे हो ह्यात एवढं?" त्यांनी डिस्ककडे बोट दाखवलं.

मी सांगितलं. म्हातारा आहे, खेचर आहे, घाट आहे. बहिणीला मीठ पोचवायचं असतं. त्या गुडघ्याभोवती हात बांधून ऐकत होत्या.

"मग पोचतो का शेवटी?"

मी डिस्क उलटसुलट करत राहिलो. त्यांनी मान हलवली.

"राहू दे. हे तुमच्याबद्दल म्हणायचे मला," त्या म्हणाल्या, "जीव गेला तरी तो शेवट सांगायचा नाही."

मग कोणीतरी त्यांना आत हाक मारली आणि त्या उठून गेल्या.