दोन मात्रांची जागा

काल लालबागला मसाला कुटायला गेले आणि मिरच्यांच्या ठसक्यानं मला थेट कॉलेजच्या दिवसांत नेऊन सोडलं. तेव्हा आई तिथंच मसाला कुटायच्या एका डंकावर मिरच्यांचे देठ काढायला जायची. एका दुपारी मी तिच्याशेजारी पोत्यावर बसून गरिबीवरच्या एका कवितेचं वृत्त तपासत होते. लघु-गुरूच्या खुणा झाल्या, यमकं चोख निघाली. मग मी ऐटीत म्हणाले, "आये, इथं कवी चुकलाय. पोर भाकरी मागतं आणि आई उत्तर देते, त्या ओळीच्या सुरुवातीलाच दोन मात्रा कमी आहेत."

आईचा हात मिरचीवर थबकला.

"टोपात काय नाय आणि पोर भाकरी मागता. बोलूच्या आधी तेची आवस जरा थांबतली मा?"

मी हसले आणि वहीत 'वृत्तदोष' असं लिहून टाकलं.

आता मी शिकवते. वर्गात ती ओळ आली की आधी क्षणभर गप्प राहते. घरी आम्हा भावंडांची पानं वाढून झाली की आई म्हणायची, "मी डंकावरच जेवलंय." ते म्हणण्याआधी ती किती थांबायची, हे मी कधी मोजलंच नाही.