मले निळा दिसते

बुलढाण्याच्या कॉलेजात टायट्रेशन करताना, म्हणजे ब्युरेटच्या तोटीतून फ्लास्कात द्रावण सोडून रंग येण्याची वाट पाहताना, एक वर्गमित्र माझ्या शेजारी असायचा. फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरून दर वेळी विचारायचा, "आला का बे गुलाबी?" तो फिका रंग त्याला दिसतच नसे.

परीक्षेला मी म्हटलं, "रंग आला की मी खोकतो, तू तोटी बंद कर."

"नको बे. नोकरीत कोन खोकणार हाये?"

तो सरळ परीक्षकांपुढे उभा राहिला. "सर, मले गुलाबी दिसत नाही, निळा दिसते. निळं होणारं इंडिकेटर द्या."

परीक्षकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि कपाटातून दुसरी बाटली काढली. ओठ आवळून तो थेंब थेंब सोडत राहिला. द्रावण निळसर होताच त्यानं तोटी बंद केली आणि परीक्षा विसरून ओरडला, "दिसला!"