पैकीच्या पैकी

करुणा रणपिसेचा प्रबंध मीच टाइप केला, मीच बांधला आणि काळ्या पुठ्ठ्यावर तिच्या नावाची सोनेरी अक्षरंही मीच छापली. दौंडात स्टेशनच्या रस्त्याला माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान आहे. आजवर इतके प्रबंध माझ्या हाताखालून गेलेत की ‘प्रस्तुत संशोधनाचे महत्त्व’ हे शब्द दिसले तरी माझं डोकं फिरतं. त्यातले निम्मे एकमेकांवरून उतरवलेले असतात, फक्त गावाचं नाव बदलायचं. एका महाभागाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. त्याच्या शिरूर तालुक्यात मच्छीमारांच्या बोटी होत्या. मी दाखवून दिलं तर म्हणाला, “राहू द्या हो, वाचतंय कोण?”

करुणा त्यातली नव्हती. म्हणून तिच्याबद्दल लिहितोय, आणि अजून राग जात नाही म्हणूनही.

ती वडगाव रासाईची. वडील चांगदेव पाणीपुरवठा संस्थेच्या मोटारींवर राखणदार होते, आई भागुबाई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. पोरगी एमएसडब्ल्यू झाली आणि शिरूरकडच्या एका समाजकार्य महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर म्हणजे तुम्ही प्राध्यापक असता, पण वर्गात उभे असाल तेवढ्यापुरतेच. बाहेर आलात की कोणी नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे तिला सांगायचे.

पीएच.डी.ला मार्गदर्शक लागतो, आणि समाजकार्यात मार्गदर्शक मिळणं म्हणजे लग्नाला स्थळ मिळण्यापेक्षा अवघड. आनंदराव ढमढेरे सरांकडे एक जागा रिकामी होईपर्यंत ती दोन वर्षं थांबली. सर माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे प्राचार्यपदाचा प्रभारी कार्यभार होता, कमिट्या होत्या, आठ विद्यार्थी होते आणि गुडघे दुखत होते. करुणा महिन्यातून एकदा त्यांच्या केबिनबाहेर बसायची. कधी भेट व्हायची, कधी नुसताच चहा.

तिचा विषय होता दौंडजवळ कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या बायकांचा. तिला त्यांच्याबरोबर राहून, बोलून लिहायचं होतं. सर म्हणाले, “गोष्टी लिहून डिग्री मिळत नसते. प्रमाणित मापनश्रेणी वापरा.” ती मापनश्रेणी कुठल्याशा परदेशी विद्यापीठातली होती आणि मराठीत कोणीतरी पुण्यात बसून आणली होती. ‘मला माझ्या कार्यस्थळी सुरक्षिततेची अनुभूती होते’ अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे पूर्ण असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत. मी टाइप करतानाच तिला म्हणालो, “करुणा, ह्या बाया दगड मारतील तुला.”

“मी समजावून सांगीन, विक्रमदादा,” ती म्हणाली. “त्या ऐकतात माझं.”

हे मात्र खरं होतं. बायकांच्या सुट्टीच्या दिवशी ती शिरूरहून न्हावऱ्यावरून एसटीने यायची, मिळेल त्या वाहनाने दौंड गाठायची आणि त्यांच्या वस्तीत जाऊन बसायची. कोणाचं रेशनकार्ड अडलेलं असायचं, कोणाच्या पोरीचं शाळेत नाव घालायचं असायचं. ती आधी ते काम करायची आणि मग प्रश्न विचारायची. सर तिला म्हणायचे, “बाई, तुम्ही संशोधक आहात, कार्यकर्त्या नाही.” मला हे कधी कळलं नाही. समाजकार्यात सगळ्यात मोठी पदवी मिळवायची तर समाजकार्य तेवढं करायचं नाही, हा कसला अभ्यासक्रम?

त्या बायकांत एक नकुशी होती. पन्नाशीची, सडपातळ, तोंडाने फटकळ. युनिटमध्ये ड्रम रिकामे करून धुवायचं काम करायची. करुणा आली की आधी तिच्या घरी चहा व्हायचाच, आणि बाकीच्या बायका तिथंच जमायच्या.

मुलाखती संपल्या, आकडे भरले, तक्ते माझ्याकडे टायपिंगला आले. मी काही शहाणा नाही, पण तक्ते बघून मलाही चमत्कारिक वाटलं. डोळे चुरचुरतात म्हणून रात्रभर पाणी मारत बसणाऱ्या बायका, आणि सुरक्षिततेला पाच. हातमोज्यांना पाच. पर्यवेक्षकाच्या वागणुकीला पाच! मी करुणाला विचारलं, तर तिला वाटलं ठेकेदाराच्या भीतीने असेल. पुढच्या रविवारी ती पुन्हा वस्तीत गेली आणि तिथून सरळ दुकानात आली.

झालं होतं असं, की तिला बघताच नकुशीने विचारलं होतं, “काय ताई, लागला का निकाल? किती मार्क पडलं?”

“कसले मार्क?”

“आवं, तुमच्या परीक्षेचं. आमी समद्या जणींनी ठरवलंच हुतं. एक बी कमी द्यायचा न्हाई. पैकीच्या पैकी! त्या शांतीनं एका ठिकाणी दोन म्हणलं, तर आमी तिला घरला जाऊन बोललो. एवढं पोरगी आपल्यासाठी हिंडती, आन् तू तिचं मार्क कापती व्हय?”

करुणाने परोपरीने सांगितलेलं होतं की ही परीक्षा नाही, तुमच्या मनातलं सांगा. पण ‘माझ्या पीएच.डी.चा अभ्यास आहे’ हेही तिनेच सांगितलं होतं. पुस्तक, प्रश्न, आकडे आणि शिकणारी पोरगी, याचा अर्थ आपल्याकडे परीक्षा सोडून दुसरा काय होतो? आणि लेकीच्या वयाच्या मुलीची परीक्षा आपल्या हातात आली, तर कोण तिला कमी मार्क देईल? मी तरी देणार नाही.

ती सरांकडे गेली. पुन्हा मुलाखती घेते म्हणाली. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. तिच्या नोंदणीची मुदत वाढवून झाली होती आणि वाढवलेलीही संपत आली होती. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत नोंदणीच रद्द झाली असती. सर म्हणाले, “उत्तरं तुम्ही बनवली नाहीत ना? त्यांनी दिली, तुम्ही लिहिली. इतकी सुसंगत उत्तरं तर माझ्या एकाही विद्यार्थ्याला मिळाली नाहीत. वाटल्यास मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य घाला.”

तिने पान भरून लिहिलं होतं. सरांनी त्याचं एक वाक्य केलं: ‘उत्तरदात्यांच्या प्रतिसादांवर संशोधिकेशी असलेल्या आपुलकीचा प्रभाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी ते टाइप केलं. प्रबंध गेला, मौखिकी झाली, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यांचं कौतुक केलं आणि जेवून गेले. वडगावात चांगदेवांनी पेढे वाटले. भागुबाईला कोणीतरी विचारलं, “लेक डाक्टर झाली, मंग सुई टोचती का?” ती म्हणाली, “टोचती की. तू कामाला लाव बाया बिगरपगारी, मंग बघ कशी टोचती.” करुणा त्या दिवशी हसली होती. तिला हसताना मी शेवटचं बघितलं ते तेव्हाच.

पुढच्याच उन्हाळ्यात नकुशीचा हात भाजला. ड्रम कलता करताना आतलं उरलेलं रसायन उजव्या हातावर आलं. हातात मोजे नव्हते, कधीच नसायचे. जखम भरली, पण बोटं तळव्याकडे वळून तशीच आखडली. ऑपरेशन केलं तर उघडतील, असं दवाखान्यात सांगितलं. कामगार विम्याच्या दवाखान्यात ते झालं असतं, पण ठेकेदार म्हणाला, बाई आमच्या हजेरीवरच नाही. पुढे दाब आल्यावर म्हणाला, हजेरीवर असली तरी मोजे दिले होते, तिनेच काढून ठेवले.

करुणाने भरपाईचा अर्ज लिहिला, कामगार कार्यालयात खेटे घातले, सुनावणी लावून घेतली. कॉलेजात कायमच्या जागेची जाहिरात नुकतीच निघाली होती. मुलाखत तोंडावर होती, पण ती नकुशीच्या कागदांसाठी माझ्या दुकानात उभी असायची. अर्जावर प्रतिनिधी म्हणून तिने स्वतःचं नाव घातलं, डॉ. करुणा चांगदेव रणपिसे. डॉक्टर लिहिलं की अधिकारी जरा नीट बोलतात, एवढंच तिच्या मनात होतं.

सुनावणीला मी माझ्या ओम्नीतून दोघींना पुण्याला घेऊन गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. ठेकेदाराचा वकील तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. त्याने पिशवीतून छापलेल्या पानांचा गठ्ठा काढला. पहिलं पान मला मागूनही दिसलं. माझा फॉन्ट मी ओळखतो. विद्यापीठ हल्ली सगळे प्रबंध इंटरनेटवर टाकतं, आणि समोरची बाई कोण म्हणून त्याने तिचं नाव शोधलं असणार.

“याच भागातल्या ठेका कामगार महिलांवर मॅडमनी स्वतः संशोधन केलंय,” तो म्हणाला. “निष्कर्ष वाचतो. ‘हातमोजे व सुरक्षा साधने वेळेवर उपलब्ध होतात, या विधानाशी बहुतांश उत्तरदात्या पूर्णतः सहमत आहेत.’ याला विद्यापीठाने डॉक्टरेट दिली आहे, साहेब.”

अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा केला. “मॅडम, हे तुमचंच?”

“हो.”

“मग आज उलट कसं सांगता?”

करुणा उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. मापनश्रेणी, बायकांनी घरी बसून ठरवलेले मार्क, सरांनी कापलेलं पान, सगळं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. अधिकारी माणूस सरळ होता, त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “माझ्यापुढे हा एक छापलेला पुरावा आहे. तुमच्या प्रबंधातली माहिती खरी नाही, असं लिहून घेऊ का?”

“घ्या,” करुणा म्हणाली.

वकील हळूच म्हणाला, “त्याची एक प्रत आम्हाला हवी, साहेब. विद्यापीठाला कळवावं लागेल. कॉलेजलाही.”

नकुशी इतका वेळ पदराखाली हात घेऊन बसली होती. ती मागे माझ्याकडे वळली. “विक्रमभाऊ, कळवलं म्हंजी काय हुईल?”

मी कुजबुजलो, “पदवी जाऊ शकते तिची.” खोटं कशाला सांगू?

ती उठली. करुणाने तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला.

“सायेब, ताई माझ्यापायी खोटं बोलत्यात. त्यांच्या बुकात लिवलंय तेच खरं हाय. मोजं मिळत हुतं आमाला. रोज मिळत हुतं. मीच काढून ठिवलं हुतं त्या दिशी, गरमी हुती म्हून.”

“मावशी, खाली बसा,” करुणा ओरडली. “साहेब, हे लिहू नका. ती मला वाचवायला बोलतेय, लिहू नका हे!”

“बाई, तुम्ही स्वखुशीने सांगताय का?” अधिकाऱ्यांनी नकुशीला विचारलं.

“व्हय. माझ्या खुशीनं.”

वकिलाला आता प्रत नको होती. कारकुनाने नकुशीचा जबाब लिहून वाचून दाखवला. सहीच्या जागी नकुशीने अंगठा दिला. डाव्या हाताचा, कारण उजव्याचा आत वळलेला आहे.

परत येताना हडपसर सुटलं, ओम्नी दौंडच्या रस्त्याला लागली. करुणा खिडकीला डोकं लावून रडत होती, तोंड दाबून नव्हे, चांगली हुंदके देऊन. नकुशी तिच्या पाठीवरून तो आखडलेला हात फिरवत होती.

“उगी ताई, उगी. एवढी वरसं शिकलात, एसटीनं हाडं खिळखिळी झाली तुमची. ते वाया जाऊ द्यायचं व्हय? माझा काय, डावा हाय की.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आता तर न्हाई ना काढून घेनार?”

करुणाने पुढे, प्रबंधातली उत्तरं खरी नाहीत असं, विद्यापीठाला स्वतःहून पत्र पाठवलं. कोणी उत्तर दिलं नाही. दुसरं पाठवलं, त्याचंही नाही. कामगार कार्यालयाने नकुशीच्याच जबाबावरून अर्ज फेटाळला, ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. कॉलेजच्या मुलाखतीत तिची निवड झाली. निवृत्त ढमढेरे सरांनी फोन करून अभिनंदन केलं. नोकरी नको म्हणून सांगायचं तिच्या मनात होतं, पण चांगदेव अंथरुणाला खिळले होते आणि घरात कमावणारी ती एकटी. ती आता कायम प्राध्यापक आहे आणि तिच्याकडे विषय दिलाय संशोधन पद्धतीचा. दौंडला ती येत नाही. वस्तीकडे तोंड करून उभं राहवत नाही, असं एकदा फोनवर म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिच्या प्रबंधाची एक जादा प्रत माझ्या दुकानात फळीवर आहे. नकुशी कधीमधी येते, बरोबर शेजारपाजारची एखादी बाई असते. “भाऊ, ते ताईचं बुक काढा जरा,” म्हणते. मला चीड येते, पण काढून देतो. उत्तरं देणाऱ्या कोणाचंच नाव छापायचं नसतं, त्यामुळे तिचं नाव त्यात कुठेच नाही. तरी तिला दाखवायचं असतं. वाचता येत नाही म्हणून तो तक्ता तिला सापडत नाही, पानं मी उलटतो. हातमोज्यांचा तक्ता येतो, आणि ती आखडलेली मूठ शेवटच्या रकान्यावर ठेवून शेजारणीला सांगते, “ह्यो बघ. ह्यात मी हाय. पैकीच्या पैकी दिलं हुतं.”