आप्पांचा अंगठा आन् माझा नंबर

मंडळी, परवा मी मस्कतला कामाला निघणार आन् आज माझा नंबर बंद पडला. बंद पाडला माझ्या सख्ख्या चुलत्यानं.

कॉलेजात असताना केडगावच्या बाजारात छत्रीखाली सिम घेतलं होतं. माझं आधार घरी राहिलं होतं, म्हणून सोबतच्या ह्याच चुलत्याच्या, आप्पांच्या नावावर. तेव्हापासून बँक, व्हिसा, सगळं त्याच नंबरावर.

परदेशात तोच नंबर चालू ठेवायचा म्हणून तो माझ्या नावावर करायला दौंडच्या सिमकंपनीच्या दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, "ज्यांच्या नावावर हाय, त्यांना घेऊन या. अंगठा लागंल."

बांधाच्या भांडणात मी जमीन मोजणीचा अर्ज केला, तेव्हापासून आप्पांशी बोलणं बंद. तरी जाऊन पाया पडलो. लगेच गाडीवर बसले. वाटलं, शेवटी रक्ताचं माणूस.

दुकानात अंगठा लावला आन् बाईंना म्हणाले, "हरवलं म्हणून नवीन सिम द्या. मलाच." थोड्या वेळात माझ्या फोनची रेंज गेली.

बाहेर येऊन मला म्हणतात, "मोजणीचा अर्ज मागं घे, मग सिम ने. ज्याच्या नावावर, त्याचं."

व्हय का आप्पा? मग माझ्या सातबाऱ्यातली दोन फूट जमीन तुम्ही कुणाच्या नावावर नांगरताय?

अर्ज मागं घेणार न्हाई. मंडळी, तुमचं सिम कुणाच्या नावावर हाय? आजच बघा.