पातळ जेल, सत्तर अंश

केसांना लावायच्या जेलची टाकी सत्तर अंशांवर फिरत होती आणि आत तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी होतं.

महिनाभरापूर्वी आलेले साहेब वाकून बघत म्हणाले, "हे जेल आहे की धुवण? अजून दोन किलो पावडर टाका."

"नाही टाकणार," आत्या म्हणाली.

तिची भाची पूर्वी इथं कामाला होती. भाची लग्न होऊन गेली, 'आत्या' हे नाव कारखान्यात राहिलं. अकरा वर्षं पॅकिंगला उभी राहून गुडघे गेले, तेव्हा कुठं तिला टाकी मिळाली. पहिल्याच महिन्यात गरम जेल पातळ दिसलं म्हणून तिनं जास्तीची पावडर ओतली. गार झाल्यावर टाकीत रबर झालं, ते खुरप्यानं कापून काढावं लागलं. आणखी एक बॅच बिघडली की पुन्हा पॅकिंग, असा लेखी इशारा तिच्या फाइलला होता.

"साहेब, ही पावडर उलट्या चालीची. गरमात नुसती भिजते, विरघळत नाही. गार होताना चढते."

"मला केमिस्ट्री शिकवता?"

"केमिस्ट्री तुमची. टाकी माझी."

"मग जबाबदारीही तुमची." साहेब हाताची घडी घालून तिथंच उभे राहिले.

आत्यानं टाकीभोवतीच्या कप्प्यात गार पाणी सोडलं. पंचावन्न. पाणीच. पंचेचाळीस. पाणीच.

पॅकिंगमधली तिची जाऊ रिकाम्या बाटल्यांचं निमित्त काढून आली. "माझ्या शेजारी जागा धरून ठेवू का गं?"

"दात नंतर काढ. आकडा वाच."

"चाळीस."

अजून पातळ. आत्यानं पावडरच्या गोणीकडे पाहिलं. गोणी नवीन होती. मालच वेगळा आला असेल तर? वजनात आपणच चुकलो असू तर? पावडरची बादली हाताशी होती. छत्तीसला तिनं ती उचलली. साहेबांनी 'टाका' म्हणून मान डोलावली. तिनं बादली खाली ठेवली, पायानं लांब सरकवली.

"तेहतीस," जाऊ म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

ढवळणीचा आवाज जड झाला. मोटरवरचा काटा दोन घरं चढला. पाण्यातला गढूळपणा विरत गेला आणि आतलं पातं स्पष्ट दिसू लागलं. अठ्ठावीसला आत्यानं काचेच्या पेल्यात नमुना घेऊन पेला आडवा केला. जेल जागचं हललं नाही. मग सावकाश, एकसंध सरकलं.

साहेबांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, पुन्हा चोळलं. "ठीक आहे," ते म्हणाले. जरा थांबून, "उद्या दुसऱ्या पाळीला हे कळणार कसं?"

आत्यानं बॅचच्या कागदावर सावकाश लिहिलं: 'तीसच्या वर पातळ दिसेल. पावडर वाढवू नये.' मग पेन साहेबांकडे केलं.

"आधी तुम्ही सही करा."

साहेबांनी जावेकडे पाहिलं. जाऊ बाटल्या मोजू लागली. त्यांनी सही केली.